पंजाबी राजीनामा

चंदीगडच्या मराठी मंडळींत मी जरा वेगळ्या रांगेतला माणूस. बाकीचे बहुतेक डॉक्टर, संशोधक, प्राध्यापक, नाहीतर फौजेतले साहेब. मी यंत्रं दुरुस्त करणारा. आमची शैला, म्हणजे माझी बायको, सुरुवातीला ओळख करून देताना म्हणायची, "हे यंत्रांचे डॉक्टर." ते मी बंद पाडलं. म्हटलं, मेकॅनिक म्हण. पदवीधर मेकॅनिक म्हण हवं तर, पण मेकॅनिकच म्हण.

तरी गणपतीच्या जेवणात नुकती नोकरीला लागलेली पोरं माझ्याच पानासमोर येऊन बसतात. कारण साधं आहे. त्यांच्या वडिलांनी एकाच सरकारी छपराखाली सगळी नोकरी काढली. मालक नावाचा माणूस, त्याचं दुकान, त्याची मर्जी आणि पुढे त्याचा मुलगा, हे सगळं या मंडळींत मीच पाहिलंय.

"अंकल, बॉस बहुत तंग करता है," एखादा सुरू करतो.

"मराठीत बोल रे," मागून त्याची आई. "समजतं हो त्याला सगळं, बोलायलाच जड जातं."

मी विचारतो, "मग काय ठरवलंस?"

"रिज़ाइन."

"मराठी की पंजाबी?"

पोरगं आधी माझ्याकडे बघतं, मग आईकडे. काकांचं वय झालं असं त्याला वाटत असणार. पण हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. नोकरीबद्दल मला जे काही कळलं ते या एका प्रश्नात आहे. पंगतीत ते नीट सांगता येत नाही, तोवर मठ्ठा येतो. म्हणून इथे लिहितो.

मी लातूरचा. वडील डाळमिलमध्ये हमाल होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा बाबा मिलमध्ये कोणी नुसतं किती वाजले विचारलं तरी "पोरगं बीएस्सी झालं" हे सांगूनच वेळ सांगायचे. मावसभाऊ हवाई दलात होता, त्याची बदली चंदीगडला झालेली. त्याचं पत्र आलं की इकडे मशिनींचा नवा धंदा जोरात आहे, ये. मी आलो. स्वेटर नव्हता, मावसभावाचा निळा घातला.

दिवस उदारीकरणाचे होते. तोवर परदेशी यंत्र म्हणजे मोठ्या सरकारी इस्पितळाची मिजास. आता ते कुणालाही मागवता येऊ लागलं. पंचकुला, मोहाली, पिंजौर, जिथे म्हणून एखाद्या डॉक्टरने दोन खोल्यांत चार खाटा टाकल्या तिथे चकचकीत खोकी येऊन पडू लागली. ती विकणारे दुकानदारही असेच उगवले. आमचे भल्लासाहेब त्यातले. आधी त्यांचा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा धंदा होता. सेक्टर बावीसच्या मागच्या गल्लीत पाटी बदलली, टाय लावला आणि झाले वैद्यकीय उपकरणांचे विक्रेते. विकायची कला त्यांच्या अंगात होती. विकलेलं चालतं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणाने सांगायचे. त्यासाठी मी.

मुलाखतीत माझा अर्ज लांब धरून त्यांनी वाचलं, "कं-ब-ले. कंबल?"

"कांबळे, सर."

"ये बीच वाला क्या बोला?"

मी 'ळ' म्हणून दाखवला. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, जीभ चावली आणि म्हणाले, "कंबल ही ठीक है यार. सर्दियों में काम आएगा."

मला राग आला. माझं नाव बाबांनी जपून ठेवलेलं, त्याचं कुणी पांघरूण करावं असं मला वाटत नव्हतं. पण नोकरी हवी होती. धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर ठरायचं होतं. कंबल तर कंबल.

आमचं काम बाहेरच्याला वाटतं तसं नसतं. लोकांना वाटतं पेचकस, डाग देणं, तारा. ते शेवटी येतं. आधी बघावं लागतं. पंचकुल्याच्या एका पॅथॉलॉजिस्टचं सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवून रक्तातलं पाणी वेगळं करणारं यंत्र, "डान्स करता है" अशी तक्रार होती. मी गेलो, पेटी उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, तुम्ही रोज करता तसं करून दाखवा. त्यांनी एक नळी एका बाजूला ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. यंत्र टेबलावरून चालत निघालं. मी समोरच्या खाचेत पाण्याची नळी ठेवली. दोन्ही बाजूंना वजन सारखं झालं आणि यंत्र गप्प बसलं. डॉक्टर म्हणाले, "बस, इतना ही?" मी म्हटलं, "इतना ही." पण व्हिजिटचे पैसे लावले. बघण्याचीच मेहनत असते.

यंत्र बसवून झालं की एक रिपोर्ट असतो. त्यावर आम्ही लिहितो की यंत्र तपासलं, चालवलं, सुरक्षित आहे. खाली माझी सही, शेजारी डॉक्टरची. त्या कागदात दडलेलं वगैरे काही नसतं, चार ओळींचा छापील कागद. पण माझ्या घरात कागदावर सही करणारा मी पहिला. बाबा पगाराला अंगठा लावायचे. त्यामुळे सही म्हणजे माझ्यासाठी नुसतं नाव खरडणं कधीच नव्हतं.

आता पिंजौर.

तिथल्या एका नवीन नर्सिंग होममध्ये आम्ही इन्क्युबेटर दिला होता. मराठीत आपण काचेची पेटी म्हणतो. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला ज्यात ठेवतात ती. डॉक्टर सिंगला नावाचे तरुण गृहस्थ होते, चांगले, पण घाईतले. जानेवारीतली थंडी, धुकं असं की कालका रस्त्यावर पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसला तर नशीब. दुसऱ्या दिवशी नर्सिंग होमचं उद्घाटन होतं. मंडप बांधलेला, कढया आलेल्या, कोणी मोठे पाहुणे फीत कापणार आणि त्यांना दाखवायला पहिली वस्तू ही पेटी.

या पेटीचं साधं गणित सांगतो. आत हीटर असतो आणि पंखा. एक पहारेकरी हवेचं तापमान बघतो, गरम झालं की हीटर बंद, गार झालं की चालू. घरातल्या इस्त्रीत असतो तसाच. पण इस्त्रीतला पहारेकरी झोपला तर सदरा जळतो. इथे आत बाळ असतं. म्हणून पेटीत दुसरा पहारेकरी असतो. तो एरवी काहीच करत नाही. पहिला झोपला आणि आतली हवा तापतच गेली तरच तो जागा होऊन हीटर तोडतो.

मी दुपारी पेटी रिकामी चालवली. पहिला पहारेकरी उत्तम. मग त्याला मुद्दाम बाजूला काढून दुसऱ्याची परीक्षा घेतली. आतला थर्मामीटर चढत गेला. जिथे हीटर तुटायला हवा तिथे तुटला नाही, त्याच्या पुढेही नाही. मीच बटण बंद केलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सुटा भाग दिल्लीहून येणार, म्हणजे दिल्लीच्या डीलरकडे असेल तर. असला तर बसच्या ड्रायव्हरच्या हाती देणार आणि आम्ही सेक्टर सतराच्या स्टँडवर जाऊन घेणार. दोन-तीन दिवस तरी गेलेच.

भल्लासाहेब मिठाईचे डबे घेऊन आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

"पहला वाला ठीक है?"

"ठीक आहे... ठीक है सर."

"तो दूसरा किसलिए चाहिए? स्टेपनी पंक्चर हो तो गाड़ी नहीं चलती क्या?"

"स्टेपनी पे बच्चा नहीं सोता, सर."

त्यांनी मंडपाकडे बघितलं. "कंबल, कल फीता कटना है. साइन कर दे. पार्ट आएगा तो चुपचाप लगा देंगे."

"नहीं करूंगा."

"मैं कह रहा हूं."

"तो भी नहीं."

डॉक्टर सिंगला दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्यासमोर नोकर नाही म्हणतोय, हे भल्लासाहेबांना सहन होईना. आवाज चढला. बी.एस्सी. निघाली, लातूर निघालं, अशा डिग्रीवाल्यांच्या रांगा बावीस सेक्टरपर्यंत लागतात हेही निघालं. माझे कान तापले. बहिणीचं कॉलेज डोळ्यासमोर होतं, खोटं कशाला सांगू. पण मला त्या छापील ओळीखाली माझं नाव दिसत होतं, आणि ते मला तिथे लिहिता येईना. हिंदी माझी तेव्हा कच्ची. रागात माणूस आईच्या भाषेत विचार करतो. मी म्हणालो,

"सर, ऐसा है तो मेरा राजीनामा ले लीजिए. अभी."

आणि भल्लासाहेबांचा चेहरा खुलला.

मला कळेना. माणूस नोकरीवर लाथ मारतोय आणि मालक असा बघतो जणू लेकाने पाया पडावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. डॉक्टरकडे वळून म्हणाले, "देखा डॉक्टर साब? लड़का अक़्लमंद है. गुस्सा हमारा भी, इसका भी. पर बात राज़ीनामे पे ही ख़त्म होनी चाहिए." मग मला, "चल बोल. शर्त क्या है तेरी?"

मी समजलो, नोकरी सोडण्याच्या अटी विचारतायत. महिन्याची नोटीस, हिशेब वगैरे. त्यातलं मला काही नको होतं. मी म्हटलं, "शर्त कोई नहीं. बस ये पेटी चालू नहीं होगी."

"बिल्कुल चालू नहीं होगी? दिखानी तो है."

"दिखाइए. चालू नहीं."

"दिखाएंगे, चलाएंगे नहीं," ते बोटावर मोजत म्हणाले. "और?"

मी गोंधळलो. जाणाऱ्या माणसाला इतकं विचारतात? तरी विचारतायत तर सांगून टाकावं. "डॉक्टर साब को पूरी बात आप समझाएंगे, मैं नहीं. दूसरा पार्ट लगेगा, मैं टेस्ट करूंगा, उसके बाद साइन." जाणारा माणूस पार्ट कसा लावणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

"और भरोसा? रात को किसीने प्लग लगा दिया तो?"

हा मुद्दा त्यांचाच. मी खाली बसलो, पेटीच्या वायरीची तीन पायांची पिन उघडली, तारा सोडवल्या, त्यांना टेप लावली आणि पिन खिशात टाकली. भल्लासाहेबांनी हात पुढे केला. मी मिळवला. डॉक्टर सिंगला नाखुश होते, पण आम्ही हात मिळवलेले पाहून त्यांनीही मान डोलावली. चहा आला. राजीनामा दिल्यावर चहा मिळालेला मी बहुधा पहिलाच असेन.

परतताना मी भल्लासाहेबांच्या मारुती व्हॅनमध्ये बसलो. पंचकुल्याच्या अलीकडे मी विचारलं, "सर, कल से आऊं कि नहीं? नोटिस पीरियड का आपने बोला नहीं."

"काहे का नोटिस?"

"राजीनामे का."

"राज़ीनामे में नोटिस कहां से आया? थाने में दो पार्टियां लड़ती हैं, बड़े बैठाते हैं, दोनों राज़ी होती हैं, लिख देते हैं. राज़ी-नामा."

मी हळूच म्हटलं, "हमारे यहां राजीनामा मतलब रिज़ाइन."

त्यांनी व्हॅन कडेला घेतली. धुक्यात, सगळे दिवे लावून. "तू नौकरी छोड़ रहा था?"

"हां जी."

"एक पिन के लिए?"

"सही के लिए. साइन के लिए, सर."

ते पोटातून हसायला लागले, इतके की चष्मा काढून पुसावा लागला. "ओए पागल. तू छोड़ने आया था और मैं मनाने बैठा था. मुझे समझ में आ जाता तो मैं कहता, जा." पुन्हा गाडी सुरू करताना म्हणाले, "अच्छा हुआ तेरी हिंदी ख़राब है."

हे एवढंच झालं असतं तर एक मजेदार किस्सा म्हणून मी तो पंगतीत सांगितला असता. पण दुसरा दिवस होता.

फीत कापली गेली. पाहुण्यांनी पेटीवरून हात फिरवला, फोटो झाले, वायर मागे नीट गुंडाळून ठेवली होती. जेवणं चालू असताना मंडपाच्या मागच्या दारातून एक बाई आली, म्हणजे आणली. जवळच्या कारखान्यातल्या फिटरची बायको. दिवस भरायला बराच अवकाश होता. पाहुणे निघायच्या आत बाळ झालं. मुलगी. दोन्ही तळहात जोडले तर मावेल एवढी.

डॉक्टर सिंगला बाहेर आले ते सरळ माझ्याकडे. "प्लग लगाओ."

मी उभा राहिलो. खिशात हात गेला होता, हे मान्य करायला हवं. पिन बोटांना लागत होती.

"डॉक्टर साब, हीटर तोड़ने वाला कटऑफ नहीं है."

"मैं खुद सामने बैठूंगा. नज़र रखूंगा."

"कितने घंटे, साब? और भी पेशंट हैं आपके."

त्या बाळाची आजी मधे आली. दुपट्टा डोक्यावरून घसरलेला, आवाज मात्र शांत. तेच मला जास्त लागलं. "पुत्तर, मशीन अंदर रखी है. फोटो खिंचवाने के लिए रखी है क्या?"

तिला दोन पहारेकरी कसे समजावणार? तिची नात गार पडत होती. उद्या काही झालं तर हा मराठी माणूस खिशात पिन घेऊन उभा होता, एवढंच राहणार. मी भल्लासाहेबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, लावून टाक. ते मालक होते. त्यांनी म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी तुम्हाला छाती ठोकून सांगू शकत नाही.

भल्लासाहेब म्हणाले, "डॉक्टर साब, कल राज़ीनामा हुआ है. आपके सामने हुआ है. ये मशीन आज नहीं चलेगी." मग आजीकडे वळून, "माताजी, मेरी गाड़ी खड़ी है. बत्तीस सेक्टर के सरकारी अस्पताल चलते हैं. वहां सब कुछ है."

मारुती व्हॅन ज्यांनी चालवली त्यांना ठाऊक असेल, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. उन्हाळ्यात त्या सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं, सगळे शिव्या द्यायचे. त्या दिवशी ती सीट कामाला आली. नर्सने आजीला पुढे बसवलं, तिच्या कुर्त्याच्या आत, उघड्या छातीला लावून बाळ ठेवलं, डोक्याला कापूस, वरून शाल. भल्लासाहेबांनी स्वतःचा कोट काढून त्यावर टाकला आणि मला म्हणाले, "कंबल, पीछे बैठ. शीशे पकड़ के रख, हवा न आए." व्हॅनच्या सरकत्या काचा नीट बसायच्या नाहीत. पिंजौर ते बत्तीस सेक्टर मी दोन्ही हातांनी काच दाबून धरली. मागे बाळाचा बाप ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर धरून बसला होता. माझ्याकडे त्याने पाठ फिरवली होती. नर्स दर थोड्या वेळाने शालीत हात घालायची आणि म्हणायची, "गरम है." तेवढाच आवाज.

मुलगी वाचली. बरेच दिवस त्या इस्पितळात राहिली आणि घरी गेली.

इथे पोरं म्हणतील, "वॉव, अंकल." म्हणून पुढचंही सांगतो. दिल्लीहून भाग आला, मी बसवला, तपासला, सही केली, पिन लावली. ती पेटी नंतर कित्येक वर्षं चालली आणि तिचा पहिला पहारेकरी एकदाही झोपला नाही. म्हणजे त्या दिवशी पेटी चालू केली असती तर बहुधा काही झालं नसतं. डॉक्टर सिंगलांनी मला ते ऐकवलंही. "देखो कंबल जी, कुछ होना नहीं था. ख़ामख़ा ठंड में भेजा." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रस्त्यात त्या मुलीचं काही झालं असतं तर मी आज हे लिहीत नसतो, कदाचित या धंद्यातही नसतो. या गोष्टीने मी अनेकदा जागा राहिलो आहे. पण प्रत्येक वेळी विचार करून मी तिथेच येतो. रिपोर्टावर 'बहुधा सुरक्षित' असं लिहायला जागा नसते. ज्याची खात्री नाही त्याखाली मला सही करता येत नाही. ते मला तेव्हाही जमलं नसतं आणि आताही नाही.

तर पोरांनो, माझा सल्ला असा. बॉसला वैतागून तुम्ही जे देता तो मराठी राजीनामा. त्यात दार लागतं आणि मागे कुणी विचारत नाही की तुला हवं होतं काय. पुष्कळदा ते तुम्हालाही माहीत नसतं. मला तरी कुठे होतं? भल्लासाहेबांनी "शर्त क्या है" विचारलं नसतं तर मी पाय आपटत निघून गेलो असतो, माझ्या जागी दुसऱ्याने सही केली असती, पेटीला पिन लागली असती आणि मी लातूरला जाऊन माझ्या बाणेदारपणाच्या कथा सांगितल्या असत्या. म्हणून आधी पंजाबी. समोर बसा आणि शर्त सांगा. पगार वाढवा ही शर्तच, पण ती सगळ्यात सोपी. या कामाला मी नाही म्हणणार, अमुक गोष्ट झाल्याशिवाय माझं नाव लावू नका, अशी एखादी सांगता येते का बघा. ती सांगता आली तर तुम्हाला तुमचं काम कळलंय. नाही आली तर तुम्ही नुसते थकलेले आहात. चार दिवस घरी जाऊन झोपा.

आणि एवढं करून कुणी राज़ी झालं नाही तर?

तेही सांगतो. दोन हजारनंतरची वर्षं. भल्लासाहेबांची छाती बिघडली, दुकान त्यांच्या मुलाकडे, विक्कीकडे आलं. दुकान म्हणजे आता काचेचं ऑफिस. विक्की वाईट मुलगा नाही, मी त्याला शाळेच्या गणवेशात पाहिलाय. पण धंद्याचं रूप बदललं होतं. यंत्रं विकण्यापेक्षा त्यांच्या देखभालीची वार्षिक कंत्राटं मोठी झाली. कंत्राटं पंजाब-हरियाणा-हिमाचलभर, माणसं मोजकी. मग शक्कल निघाली. ठरलेल्या तारखेला माणूस जाणार, यंत्रावर 'तपासले' असं हिरवं स्टिकर लावणार, निघणार. यंत्र उघडायचं नाही, चालवायचं नाही. स्टिकरवर छापील सही असणार, सर्व्हिस हेडची. सर्व्हिस हेड मी.

मी विक्कीसमोर बसलो. राग नव्हता. शर्त तयार होती. माणसं वाढव, नाहीतर कंत्राटं कमी कर. दोन्ही जमत नसेल तर स्टिकरवरून माझं नाव काढ.

"अंकल, नाम तो आपका ही बिकता है," तो म्हणाला.

"इसीलिए कह रहा हूं."

"सब ऐसे ही करते हैं. टाइम बदल गया है."

हे बोलणं एकदा झालं, पुन्हा झालं, दिवाळीनंतर पुन्हा झालं. स्टिकर छापून आले, माझ्या सहीसकट. त्या दिवशी मी उभ्यानेच म्हणालो, "विक्की, मैं राजीनामा दे रहा हूं."

तो हसला. ही गोष्ट त्याने वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकलेली. खुर्चीत पुढे सरकून, अगदी भल्लासाहेबांच्या ढंगात म्हणाला, "पंजाबी वाला ना, अंकल? बोलो, शर्त बोलो."

"नहीं बेटा. मराठी वाला."

त्याचं हसू उतरायला थोडा वेळ लागला. मी ड्रॉवरमधून माझ्या वस्तू घेतल्या. त्यांत पिंजौरची ती पिन होती. पेटीला मी नंतर नवीन लावली होती, जुनी माझ्याकडेच राहिलेली.

संध्याकाळी घरी फोन वाजला. शैला म्हणाली, "भल्लासाहेब आहेत. दम लागलाय त्यांना."

"सुना है तूने राज़ीनामा किया," ते म्हणाले. मागे त्यांच्या ऑक्सिजनच्या मशिनीची घरघर ऐकू येत होती. ते आता तिच्याशिवाय झोपत नसत.

"किया नहीं जी. दिया."

"शर्त बताई थी उसको?"

"बताई थी."

"नहीं माना?"

"नहीं."

"फिर ठीक है," ते म्हणाले. "फिर मराठी वाला ही ठीक है." आणि दम घेऊन, "कांबले, मेरी ये मशीन कौन देखता है, पता है? विक्की के दफ़्तर का लड़का आता है. हरा स्टिकर लगाता है, चाय पीता है, चला जाता है."

इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं. 'ळ' अजूनही जमला नव्हता.

सकाळी मी माझी जुनी बॅग घेऊन त्यांच्या घरी गेलो. मशिनीचा गाळणीचा कप्पा उघडला, धुळीने बुजलेला होता. साफ केला, चालवलं, मीटर लावून बघितलं, पुन्हा चालवलं. भल्लासाहेब पलंगावरून बघत होते, घाई करत नव्हते. मग मी हिरवं स्टिकर खरवडून काढलं आणि साध्या कागदावर लिहून त्यांच्या हातात दिलं. माझ्या स्वतःच्या धंद्यातली ती पहिली सही. चालवून बघून केलेली.